तिजोरी आपली, किल्ली परक्याची

गुजरातच्या किनाऱ्यावर वाडीनार येथे नायरा एनर्जी या कंपनीचा तेलशुद्धीकरण कारखाना आहे. वर्षाला दोन कोटी टन तेल शुद्ध करण्याची त्याची क्षमता. जुलै २०२५ मध्ये या कंपनीच्या कर्मचाऱ्यांना स्वतःचीच संगणकीय टपाल-व्यवस्था आणि स्वतःचीच कागदपत्रे उघडता येईनाशी झाली. संप नव्हता, टाळेबंदी नव्हती, भारतातील कोणत्याही न्यायालयाचा हुकूम नव्हता. १८ जुलै रोजी युरोपीय संघाने रशियाविरुद्धच्या निर्बंधांच्या यादीत या कंपनीचे नाव घातले आणि त्यापाठोपाठ मायक्रोसॉफ्ट या अमेरिकन कंपनीने आपल्या सेवा थांबविल्या. परवान्याचे पैसे पूर्ण भरलेले असूनही आपल्याच माहितीपासून आपल्याला तोडले गेले, अशी तक्रार घेऊन नायराला दिल्ली उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. काही दिवसांत सेवा पूर्ववत झाली आणि प्रकरण विस्मरणात गेले.

नायरामध्ये रशियाच्या रोसनेफ्ट कंपनीचा सुमारे ४९ टक्के वाटा आहे. युक्रेनवरील आक्रमणाचे समर्थन कोणताही समाजवादी करणार नाही, आणि एका बड्या तेल कंपनीसाठी अश्रू ढाळण्याचेही कारण नाही. परंतु जी गोष्ट इतक्या मोठ्या कारखान्याच्या बाबतीत घडू शकते, ती एखाद्या सहकारी बँकेच्या, दूध संघाच्या अथवा एस.टी. महामंडळाच्या बाबतीत घडणार नाही, याची हमी कोणी दिली आहे? निर्बंध हे केवळ निमित्त. मूळ प्रश्न असा की, भारतात, भारतीय कर्मचाऱ्यांच्या श्रमातून निर्माण झालेल्या हिशेबावर अखेरची सत्ता कोणाची?

हा प्रश्न समाजवादी चळवळीला नवा नाही. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यानुसार परदेशी कंपन्यांनी येथील आपली मालकी ४० टक्क्यांपर्यंत खाली आणावी, असे सरकारने बजावले तेव्हा आयबीएम या संगणक कंपनीने त्यास नकार दिला आणि १९७८ मध्ये भारतातून गाशा गुंडाळला. त्या वेळी जनता सरकारात उद्योगमंत्रिपदावर जॉर्ज फर्नांडिस होते. आयबीएमची रीत अशी होती की, अन्य देशांत वापरून जुनी झालेली यंत्रे डागडुजी करून येथे आणावयाची आणि ती भाड्याने द्यावयाची. यंत्र आपल्या इमारतीत, वीज आपली, माणसे आपली; मालकी मात्र त्यांची. आयबीएम गेल्यावर ती यंत्रे चालविण्याचे काम सीएमसी या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीने अंगावर घेतले. देश बुडाला नाही. उलट याच सीएमसीच्या अभियंत्यांनी १९८० च्या दशकाच्या मध्यास रेल्वे आरक्षणाची संगणक-व्यवस्था उभी केली. पुढे २००१ मध्ये सीएमसीचे खासगीकरण झाले, तो इतिहास निराळा. स्वावलंबनाची घोषणा देऊन भागत नाही, काम शिकलेली माणसे हाताशी असावी लागतात, हा १९७८ चा धडा मात्र आजही खरा आहे.

आज भाड्याने येणारी वस्तू यंत्र नसून आज्ञावली, म्हणजे रोजच्या बोलीतले सॉफ्टवेअर आहे. कार्यालयातील साऱ्या संगणकांना सेवा पुरविणारा मध्यवर्ती संगणक म्हणजे सर्व्हर, आणि त्यात ठेवलेली संस्थेची खतावणी म्हणजे डेटाबेस. ठेवीदाराची शिल्लक, शेतकऱ्याच्या उसाचे वजन, कामगाराचा भविष्यनिर्वाह निधी, प्रवाशाचे तिकीट हे सारे या खतावणीत असते. ही खतावणी ज्या आज्ञावलीवर चालते तिची मूळ संहिता, म्हणजे सोर्स कोड, बंदिस्त असेल, तर ती आत काय करते हे पाहण्याचा, तिच्यात दुरुस्ती करण्याचा अथवा ती दुसऱ्याकडून दुरुस्त करून घेण्याचा अधिकार संस्थेला नसतो. संस्था खतावणीची धनी म्हणवते; प्रत्यक्षात ती भाडेकरू असते.

या भाड्याचे गणित प्रत्येक संचालकाने एकदा तरी कागदावर मांडून पाहावे. मोठ्या कंपन्यांच्या डेटाबेसचे शुल्क संगणकाच्या प्रक्रियकात किती कोअर, म्हणजे किती गाभे आहेत, यावर आकारले जाते. काम वाढले म्हणून मोठा संगणक घेतला की, आज्ञावली तीच असूनही शुल्क वाढते. शिवाय वार्षिक देखभालीचा आकार निराळा. ओरॅकल कंपनीच्या बाबतीत तो परवान्याच्या किमतीच्या २२ टक्के असतो. म्हणजे पाच वर्षांत संस्था मूळ किंमत पुन्हा एकवार भरते आणि वर दहा टक्के देते. त्यातच आपल्या परवान्याचा वापर नियमानुसार होतो की नाही हे तपासण्याचा हक्क विक्रेत्याने करारात राखून ठेवलेला असतो. मालक बदलला तर अटीही बदलतात. २०२३ मध्ये ब्रॉडकॉम कंपनीने व्हीएमवेअर विकत घेतली आणि लवकरच कायमस्वरूपी परवान्यांची विक्री बंद करून सर्वांना मुदतीच्या वर्गणीकडे वळविले. जगभरच्या ग्राहकांना यात मत नव्हते. जमीनदारी गेली असे म्हणतात. खंड वसूल करण्याची तिची रीत तेवढी येथे शिल्लक राहिली आहे.

याला पर्याय आहे आणि तो स्वप्नातला नाही. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी मुक्त आज्ञावलीची चळवळ सुरू केली. वापरावी, अभ्यासावी, बदलावी आणि इतरांना द्यावी, ही चार स्वातंत्र्ये वापरणाऱ्याला असली पाहिजेत, एवढीच तिची मागणी. १९९१ मध्ये हेलसिंकीच्या विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा आरंभ केला. आज जगातील बहुसंख्य मोठे सर्व्हर त्यावर चालतात. डेटाबेसच्या क्षेत्रात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत १९८६ मध्ये पोस्टग्रेसचे काम सुरू झाले. १९९६ पासून ते पोस्टग्रेस्क्यूएल या नावाने ओळखले जाते आणि निरनिराळ्या देशांतील कार्यकर्ते एकत्र येऊन ते चालवितात. त्याचा कोणी मालक नाही. त्यामुळे ते कोणाला विकतही घेता येत नाही.

या शेवटच्या वाक्याचे महत्त्व मायएसक्यूएलच्या कहाणीवरून कळावे. मायएसक्यूएल हा मुक्त डेटाबेस एका कंपनीच्या मालकीचा होता. २००८ मध्ये सन कंपनीने ती शंभर कोटी डॉलरला घेतली आणि २०१० मध्ये सनच ओरॅकलच्या पोटात गेली. बंदिस्त डेटाबेसच्या सर्वांत मोठ्या व्यापाऱ्याच्या हाती मुक्त डेटाबेस पडला. पण मूळ संहिता मुक्त होती. म्हणून तिच्या जुन्या कर्त्यांनी २००९ मध्येच तिची मारियाडीबी ही स्वतंत्र शाखा काढली व ती आजही जिवंत आहे. कंपनी विकली गेली, गायरान विकता आले नाही.

खासगी भांडवलालाही हे गणित कळते. ॲमेझॉनने आपल्या किरकोळ व्यापारातील सुमारे साडेसात हजार ओरॅकल डेटाबेस २०१९ पर्यंत बंद करून सारी खतावणी स्वतःच्या व्यवस्थेत हलविली. जगातला सर्वांत धनाढ्य व्यापारी ज्याचे भाडे परवडत नाही असे ठरवितो, ते भाडे तालुक्याच्या गावची पतसंस्था निमूटपणे का भरते? भारत सरकारने मार्च २०१५ मध्ये शासकीय कामांसाठी मुक्त आज्ञावलीला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. धोरण कागदावर असणे आणि निविदेच्या अटींत उतरणे यांत अंतर असते. ते अंतर कापण्याचे काम दबावाशिवाय होत नाही.

दबावाबरोबर कर्तबगारीही लागते, याचे उदाहरण केरळात आहे. केरळ राज्य विद्युत मंडळाने, जे आता कंपनी झाले आहे, लघुदाब ग्राहकांच्या बिलांसाठी ओरुमा नावाची आज्ञावली तयार केली. ओरुमा म्हणजे मल्याळम भाषेत एकजूट. लिनक्स आणि पोस्टग्रेस्क्यूएल यांच्या पायावर उभी असलेली ही आज्ञावली बाहेरच्या कंपनीने विकलेली नव्हती. ती मंडळाच्याच अभियंत्यांनी व कर्मचाऱ्यांनी लिहिली. वीज-दर बदलला की बिलाची पद्धत बदलावी लागते, आणि तो बदल कसा करावयाचा हे विभागीय कार्यालयात बसून बिले करणाऱ्याला जितके कळते तितके दूरच्या विक्रेत्याला कळत नाही. जो राबतो तोच आपले हत्यार घडवतो, हे येथे सभेतील भाषणात न राहता कचेरीत घडले. राममनोहर लोहिया लहान यंत्राचा आग्रह धरीत तो याच भूमिकेतून. यंत्राला त्यांचा विरोध नव्हता. यंत्र माणसाच्या आवाक्याबाहेर जाऊन त्याचा धनी होण्याला होता.

तरीही कंपनीच्या वा बँकेच्या संचालक मंडळापुढे हा विषय मांडला की काही आक्षेप हमखास येतात. ते सर्वच हेतुपुरस्सर घेतलेले नसतात, म्हणून त्यांना हसण्यावारी न नेता उत्तर दिले पाहिजे.

पहिला आक्षेप जबाबदारीचा. उद्या काही बिघडले तर कोणाला धरावयाचे? असे विचारणाऱ्यांनी हाती असलेला करार काढून वाचावा. बंदिस्त आज्ञावलीच्या बहुतेक करारांत विक्रेत्याची जबाबदारी भरलेल्या शुल्कापुरतीच मर्यादित केलेली असते. मुक्त आज्ञावलीलाही देखभालीचा करार करता येतो, आणि काम समाधानकारक नसेल तर तोच डेटाबेस सांभाळण्यासाठी दुसरी संस्था नेमता येते. बंदिस्त आज्ञावलीच्या बाबतीत ही मोकळीक नसते.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. मूळ संहिता सर्वांना दिसते, मग चोरालाही दिसणार, असे म्हटले जाते. मार्च २०२४ मध्ये लिनक्सच्या एक्सझेड या लहानशा घटकात कोणीतरी दोनेक वर्षे विश्वास संपादन करून चोरदार बसविल्याचे उघडकीस आले. ते शोधले आंद्रेस फ्रॉइंड यांनी. ते पोस्टग्रेस्क्यूएलच्या कर्त्यांपैकी एक आहेत आणि नोकरी मायक्रोसॉफ्टमध्ये करतात. दूरच्या संगणकात प्रवेश करताना अर्धा सेकंद अधिक लागतो, एवढ्या खुणेवरून त्यांनी माग काढला, कारण संहिता उघडी होती आणि ती वाचता येत होती. परंतु या घटनेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तो घटक एकच स्वयंसेवक, विनामोबदला, थकलेल्या अवस्थेत सांभाळीत होता. त्याच्या थकव्याचाच फायदा घेतला गेला. म्हणजे मुक्त आज्ञावली फुकट आहे असे समजून वापरणारा प्रत्येकजण कोणाच्या तरी बिनपगारी श्रमावर जगत असतो. शोषणाविरुद्ध बोलणाऱ्यांना हे शोभणारे नाही. परवान्याचे जे पैसे वाचतील त्यातला ठरावीक वाटा या आज्ञावली सांभाळणाऱ्यांना वर्गणी म्हणून अथवा आपल्या अभियंत्यांच्या कामाच्या रूपाने परत गेला पाहिजे. संहिता मुक्त असली की जागता पहारा नको, असेही कोणी समजू नये. जुलै २०२४ च्या अखेरीस सेवा पुरविणाऱ्या एका कंपनीवर खंडणीखोरांचा संगणकीय हल्ला झाला, तेव्हा देशातील सुमारे ३०० सहकारी व ग्रामीण बँकांचे देयक-व्यवहार काही काळ खंडित करावे लागले. शेकडो संस्थांची किल्ली एकाच ठिकाणी टांगलेली असली की एका चोरीत शेकडो घरे उघडी पडतात.

तिसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो सर्वांत खरा आहे. आकडे एका खतावणीतून दुसरीत हलविणे तुलनेने सोपे. पण वर्षानुवर्षे विक्रेत्याच्या खास बोलीत लिहून ठेवलेल्या प्रक्रिया, व्याजाचे हिशेब, अहवाल हे सर्व नव्याने लिहावे लागते. गुंतवून ठेवण्याची खरी साखळी हीच. म्हणून पी हळद आणि हो गोरी, अशी घाई येथे कामाची नाही. म्युनिक शहराच्या नगरपालिकेने २०१३ पर्यंत सुमारे १५,००० संगणक लिनक्सवर आणले. पुढे महापौर बदलले, सत्तेतील आघाडी बदलली आणि २०१७ मध्ये नगर परिषदेने परत मायक्रोसॉफ्टकडे वळण्याचा ठराव केला. २०२० मध्ये नव्या आघाडीने पुन्हा मुक्त आज्ञावलीला प्राधान्य देण्याचे मान्य केले. जे वरून येते ते वरच्या माणसांबरोबर जाते. खालच्या कर्मचाऱ्याला ते आपले वाटले तरच टिकते.

यासाठी क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम संस्थेत कोणकोणत्या आज्ञावली आहेत, त्यांचे करार कधी संपतात, दरवर्षी किती पैसा जातो, याची नोंदवही करावी. पुष्कळ संस्थांत ही साधी यादीही एका जागी मिळत नाही. नंतर ज्यात धोका कमी असा एखादा विभाग, जसे की वाचनालय, भांडार अथवा अंतर्गत टपाल, प्रथम मुक्त सर्व्हरवर आणावा. खतावणीच्या बाबतीत जुनी व नवी व्यवस्था काही महिने बरोबरीने चालवून रोजच्या रोज दोन्हींचा ताळा पाहावा. नवे जे काही लिहिले जाईल ते आरंभापासून मुक्त डेटाबेसवरच लिहावे. निवड करताना कोणा एका कंपनीच्या मर्जीवर नसलेल्या आज्ञावली निवडाव्यात. कारण मुक्त म्हणविणाऱ्या वस्तूलाही मालक असू शकतो. आयबीएमच्या ताब्यात गेलेल्या रेड हॅटने सेंटओएस या मोफत लिनक्सची आठवी आवृत्ती २०२१ अखेर बंद केली, तेव्हा अनेकांना नवी जागा शोधावी लागली. डेबियन हे १९९३ पासून स्वयंसेवकांनी चालविलेले लिनक्स मात्र आजतागायत त्यांच्याच हाती आहे. तोच मुक्त डेटाबेस परदेशी कंपनीच्या भाड्याच्या संगणकावर, ज्याला क्लाऊड म्हणतात, ठेवून स्वावलंबन आले असे मानणे हीही फसगत होईल. तेथेही किल्ली घरमालकाकडेच राहते.

कर्मचारी संघटनांची भूमिका येथे निर्णायक ठरेल. बदल म्हटला की कपातीची भीती वाटते, आणि आजवरचा अनुभव पाहता ती खोटी म्हणता येत नाही. म्हणूनच संघटनांनी नुसता विरोध अथवा नुसती संमती न देता करार मागितला पाहिजे: या बदलामुळे एकाही कर्मचाऱ्याची नोकरी जाणार नाही, वाचलेल्या पैशातून प्रथम प्रशिक्षण होईल, देखभालीचे काम बाहेर न देता संस्थेच्या माणसांकडे येईल. परदेशी परवान्यापोटी जाणारा पैसा गावातल्या पदविकाधारक मुलामुलींच्या पगारात आला, तर त्यातून रोजगारही उभा राहतो आणि ज्ञानही येथेच मुरते.

महाराष्ट्रात या कामाला सुपीक जमीन आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हा शेतकऱ्याला कारखाना चालविता येणार नाही, असेच शहाणे लोक म्हणत होते. देशातील नागरी सहकारी बँकांपैकी सर्वाधिक बँका याच राज्यात आहेत. एकेका लहान बँकेला स्वतःचा अभियंता ठेवणे परवडणार नाही हे खरे. परंतु दहा बँकांनी मिळून ठेवणे सहज परवडेल. नागरी बँकांची राष्ट्रीय छत्र-संस्था मार्च २०२४ मध्ये सुरू झाली आहे. सदस्य बँकांसाठी जी आज्ञावली तिच्यामार्फत येईल तिची मूळ संहिता सदस्यांच्या मालकीची असावी आणि आपली खतावणी कोणत्याही क्षणी खुल्या स्वरूपात बाहेर नेण्याचा प्रत्येक बँकेला हक्क असावा, ही मागणी आताच झाली पाहिजे. व्यवस्था पक्की झाल्यावर केलेल्या मागणीला किंमत राहत नाही.

चळवळीतले अनेक साथी आज बँकांच्या संचालक मंडळांवर, पतसंस्थांत, कर्मचारी संघटनांच्या कार्यकारिणीत आहेत. संगणक हा तज्ज्ञांचा विषय म्हणून त्यांनी आजवर या चर्चेत गप्प राहणे पसंत केले. वार्षिक सभेत ताळेबंद मांडला जातो तेव्हा इमारतीच्या दुरुस्तीवर तासभर वाद होतो आणि आज्ञावलीच्या परवान्याचा आकडा एका वाक्यात मंजूर होतो. येत्या सभेत एवढा एकच प्रश्न विचारला गेला तरी पुष्कळ काम होईल: आपल्या सभासदांच्या हिशेबाची किल्ली आज कोणाच्या खिशात आहे, आणि उद्या त्याने ती देण्यास नकार दिला तर संस्था काय करणार? ज्या मंडळाकडे याचे उत्तर नसेल, त्याने आपल्याला संस्थेचे विश्वस्त म्हणवून घेण्यापूर्वी ते शोधावे.